वाट पाहणारा चाहता

आश्विन सरत आला की यवतमाळ जिल्ह्यात दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. शेतातील पऱ्हाटीची बोंडे फुटून पांढरा कापूस बाहेर डोकावू लागतो, आणि देशभरच्या क्रीडांगणांवर रणजी करंडकाचे सामने रंगू लागतात. कापसाची वाट सारा जिल्हा पाहत असतो; कारण वर्षभराचे अन्नवस्त्र त्याच्यावर अवलंबून असते. सामन्यांची वाट पाहणारे लोक त्या मानाने थोडे. पण जे आहेत, त्यांची आवड पाहिली म्हणजे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. विदर्भाचा संघ आज कोठे खेळतो आहे, नाणेफेक कोणी जिंकली, किती गडी बाद झाले, याची चौकशी केल्याखेरीज त्यांना सकाळचा चहा गोड लागत नाही.

अशा चाहत्याला एखादे नाव देण्याचे कारण नाही. तो दारव्ह्याला आहे, घाटंजीला आहे, वणीला आहे आणि पुसदलाही आहे. कोठे तो शाळेतला शिपाई असतो, कोठे कापसाच्या बाजारातला मापारी, तर कोठे एस. टी.चा निवृत्त वाहक. या सर्वांचे मिळून एकच चित्र डोळ्यांपुढे आणावयाचे झाले, तर ते तालुक्याच्या गावी लहानसे दुकान मांडून बसलेल्या एखाद्या वृद्ध शिंप्याचे आणावे. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मापाची फीत, पायाखाली शिवणयंत्राची पट्टी आणि कान मात्र सामन्याच्या बातमीकडे. आळीतील मुले त्यांना 'काकाजी' म्हणतात. आपणही त्यांना तसेच म्हणू.

काकाजींच्या दुकानात मापांची एक वही असते. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांची व विजारींची मापे असतात : उंची, छाती, बाही, कंबर. तीच वही उलटी करून मागून उघडली, की तेथेही आकडेच दिसतात. मात्र ते धावांचे असतात. कोणत्या सामन्यात विदर्भाने किती धावा केल्या, प्रतिपक्षाने किती केल्या, निकाल काय लागला, हे सारे तेथे नीट ओळीने लिहिलेले. वही भरली की ती कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. अशा वह्यांचा तेथे गठ्ठाच साचला आहे. या वह्यांची एक विशेष गोष्ट अशी, की त्यांत विजयाची पाने थोडी आहेत आणि पराभवाची पुष्कळ. पण दोन्हींचे अक्षर सारखेच वळणदार आहे. पराभवाच्या दिवशी घाईघाईने चार आकडे खरडून पान उलटले, असे कोठेही आढळत नाही.

महाराष्ट्र राज्य एक असता विदर्भाचा संघ निराळा कसा, असा प्रश्न मुलांना पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. रणजी करंडक ही आपल्या देशातील अत्यंत मानाची क्रिकेटस्पर्धा. थोर फलंदाज रणजितसिंहजी यांच्या नावाने ती १९३४-३५ साली सुरू झाली. तिच्यातील कित्येक संघ आजच्या राज्यांच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वीचे आहेत. म्हणूनच एका महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात; गुजरातेतूनही गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र असे तीन संघ खेळतात. विदर्भ पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यानंतर लवकरच, १९५७-५८ च्या हंगामात, विदर्भाच्या नावाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला. काकाजींचा जन्मही त्याच सुमाराचा. "संघ अन् मी एकाच वयाचे," असे ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

या भूमीने त्यापूर्वीच देशाला एक महान खेळाडू दिला होता. १९३२ साली भारताने इंग्लंडमध्ये आपला पहिला कसोटी सामना खेळला. त्या वेळचे कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा. परंतु त्यांची कीर्ती बहरली ती इंदूरच्या होळकर संघात. त्यांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने रणजी करंडक जिंकला आणि इंदूर शहराचे नाव देशभर गाजविले. नागपूरचा वीर इंदूरला विजय मिळवून देतो आणि विदर्भ मात्र रिकाम्या हातांनी राहतो, ही गोष्ट जुन्या चाहत्यांच्या मनाला लागून राहिली होती.

विदर्भाच्या संघाची पुढील वाटचाल कष्टाची होती. मध्य विभागात त्याची गाठ राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि रेल्वे यांच्याशी पडे. एखादा सामना जिंकावा, चार सामने हरावे किंवा अनिर्णित ठेवावे, असेच चाले. पुढे स्पर्धेत वरच्या व खालच्या अशा श्रेणी पडल्या, तेव्हा कित्येक हंगाम विदर्भाला खालच्या श्रेणीत काढावे लागले. मोठे संघ विदर्भाशी सामना ठरला म्हणजे निश्चिंत असत. वर्तमानपत्रात मुंबईच्या विजयाला मोठा मथळा मिळे आणि विदर्भाची बातमी पानाच्या तळाशी चार ओळींत उरकली जाई. काकाजी चष्मा पुसून त्या चार ओळी वाचीत आणि वहीत उतरवून घेत.

मुले थट्टा करीत. मुंबईच्या संघाने चाळीसपेक्षा अधिक वेळा हा करंडक जिंकला आहे, हे त्यांना ठाऊक असे. एखादा चुणचुणीत मुलगा म्हणे, "काकाजी, तुमी मुंबईवाले होऊन जा ना! हरलेलं कायले लिवून ठेवता?"

काकाजी यंत्राचे चाक हाताने थांबवीत, दोरा दाताने तोडीत आणि म्हणत, "एखांद्या साली पऱ्हाटी झाली नाई, म्हून का कोनी वावर पेरनं सोडते?"

मुले हसत आणि पळून जात. पण त्या उत्तराचा अर्थ यवतमाळच्या मुलांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्या जिल्ह्यात पाऊस कधी येतो, कधी दडी मारतो, तेथे एका वर्षाच्या नापिकीने कोणी शेताशी वैर धरीत नाही. पुढच्या मृगाला माणूस पुन्हा तिफण घेऊन उभा राहतो. शेतकऱ्याला हा चिवटपणा पोटासाठी दाखवावा लागतो. काकाजींनी तो आपल्या आवडीसाठी दाखविला, एवढाच फरक.

नागपूरला सामना असला, की वर्षातून एखादे वेळी काकाजी दुकानाला कुलूप लावीत. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. पहाटेची एस. टी. कळंब, देवळी, वर्धा अशी गावे मागे टाकीत जाते. पूर्वी सामने नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होत. १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध नागपुरातला पहिला कसोटी सामना झाला तो तेथेच. २००८ पासून वर्धा मार्गावरील जामठा येथे नवे विस्तीर्ण क्रीडांगण उभे आहे; त्यामुळे यवतमाळच्या प्रवाशाला नागपूरच्या अलीकडेच उतरावे लागते. तेथे आंतरराष्ट्रीय सामना असला तर हजारो लोकांची झुंबड उडते. रणजी सामन्याला मात्र त्या प्रचंड सज्ज्यांत मूठभर माणसे विखुरलेली असतात. चेंडू बॅटीवर आदळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो; यष्टिरक्षकाचे बोलणेही वाऱ्याबरोबर कानांवर येते. काकाजी भाकरीचे गाठोडे शेजारी ठेवून दिवसभर बसत. दिवसाकाठी दोनशे धावा झाल्या आणि चौकार मोजकेच बसले, तरी त्यांना कंटाळा येत नसे. चार दिवसांच्या सामन्यात एखादा फलंदाज तासभर केवळ चेंडू अडवीत उभा राहतो, तेव्हा त्याच्या त्या उभे राहण्यालाही मोल असते, हे त्यांना इतकी वर्षे पाहून उमगले होते.

हळूहळू दिवस पालटू लागले. नागपुरात खेळाडू घडविणारी अकादमी निघाली. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाच्या संघातून पुढे आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना खेळला. विदर्भाकडून खेळून कसोटी संघापर्यंत पोचलेला तो पहिला खेळाडू. मुंबईचे अनुभवी फलंदाज वसीम जाफर विदर्भाकडून खेळू लागले. मुंबईचेच माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. शिस्त आली आणि विजयाची भूकही आली. नागपूरच्या फैज फझलकडे संघाचे नेतृत्व होते. अशा तयारीने संघ २०१७-१८ च्या हंगामात उतरला.

ते वर्ष यवतमाळ जिल्ह्याला फार कठीण गेले. पावसाळा सरत असता कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील कित्येक शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. त्यातून वाचलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळी पडली. वरून टपोरे दिसणारे बोंड फोडून पाहावे, तो आत कापसाऐवजी अळी आणि किडके सरकीचे दाणे. गावोगाव लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले. काकाजींच्या दुकानात दिवाळीला नवे कपडे शिवायला येणारी गिऱ्हाइके त्या वर्षी जुनेच कपडे दुरुस्तीला घेऊन आली. देशातील वर्तमानपत्रांत विदर्भाचे नाव रोज येत होते. पण ते नाव वाचून लोक हळहळत. आपल्या प्रदेशाचा उल्लेख दुसऱ्यांच्या तोंडी नेहमी कीव करण्यासाठीच यावा, याचे दुःख तेथे राहणाऱ्यालाच कळते.

अशा दिवसांत डिसेंबरमध्ये विदर्भाचा संघ उपान्त्य फेरीत पोचला. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बलाढ्य कर्नाटकाशी सामना होता. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला. कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३ होत्या. मोठे संघ अशा वेळी सामना हातातून जाऊ देत नाहीत. पण विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ धावा काढल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. अखेरच्या दिवशी, २१ डिसेंबरला, कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. तळाचे फलंदाज चिवटपणे खेळू लागले. एकेक धाव करीत अंतर कमी होत चालले. पन्नास उरल्या, वीस उरल्या, दहाच्या आत आल्या. काकाजींच्या दुकानात त्या दिवशी शिवणयंत्र चाललेच नाही. अखेर रजनीश गुरबानी या तरुण वेगवान गोलंदाजाने शेवटचा गडी बाद केला, तेव्हा कर्नाटकाच्या १९२ धावा झाल्या होत्या. विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. गुरबानीने त्या डावात सात गडी बाद केले होते.

अंतिम सामना दिल्लीशी होता, आणि तो योगायोगाने इंदूरला, होळकरांच्याच नावाच्या क्रीडांगणावर होता. विदर्भ प्रथमच अंतिम फेरीत खेळत होता. दिल्लीच्या संघात गौतम गंभीर आणि ऋषभ पंत होते. दिल्लीच्या पहिल्या डावात ध्रुव शोरी याने १४५ धावा काढल्या. परंतु गुरबानीने ओळीने तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडविले, आणि त्यांतला तिसरा स्वतः शोरीच होता. रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम पूर्वी एकदाच, १९७२-७३ साली, तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी केला होता. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने १३३ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील ते त्याचे पहिलेच शतक. विदर्भाचा डाव ५४७ धावांवर गेला. नववर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, जिंकण्यासाठी केवळ २९ धावा हव्या होत्या. त्या सहज निघाल्या आणि विदर्भाने नऊ गडी राखून रणजी करंडक जिंकला. नागपूरच्या नायडूंनी ज्या इंदूरला कीर्ती मिळवून दिली, त्याच इंदुरात साठ वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ विदर्भाच्या पदरात पडले.

त्या दिवशी काकाजींनी वहीत निकाल लिहिला. नेहमीपेक्षा मोठे अक्षर काढावे, लाल शाई वापरावी, असे मुलांनी सुचविले. काकाजींनी ऐकले नाही. निळ्या शाईने, नेहमीच्याच वळणाने त्यांनी आकडे लिहिले. मात्र लिहिताना त्यांचा हात थोडा थरथरत होता आणि चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

या विजयाने कोणाच्या शेतातली बोंडअळी नाहीशी झाली नाही. कोणाचे कर्ज फिटले नाही, आणि फवारणीत गेलेला कोणाचा कर्ता माणूस घरी परत आला नाही. खेळाकडून तशी अपेक्षा करणे योग्यही नव्हे. ती कामे शासनाची, समाजाची आणि शास्त्राची. काकाजींना हे पुरते ठाऊक होते. तरीही त्या सकाळी उसवलेला सदरा घेऊन दुकानात आलेला एक शेतकरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे छायाचित्र बराच वेळ पाहत उभा राहिला. 'विदर्भ' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला होता आणि त्याच्याखाली हसणारी माणसे होती. "आपलं नाव असंबी येते पेपरात," एवढेच तो म्हणाला. काकाजींनी त्याच्या सदऱ्याच्या शिवणीचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या हंगामात विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्याला सौराष्ट्राशी सामना झाला. या सामन्यात यवतमाळकरांचा जीव अधिकच गुंतला होता. कारण आपल्या जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार संघात होता. दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा हा विलक्षण खेळाडू. विदर्भाचा पहिला डाव अडखळत असता तो एक बाजू धरून उभा राहिला आणि ७३ धावांवर नाबाद राहिला. विदर्भाच्या ३१२ धावा झाल्या आणि सौराष्ट्राच्या ३०७. आघाडी मिळाली ती पाच धावांची! आदित्य सरवटे याने दोन्ही डावांत मिळून अकरा गडी बाद केले. चेतेश्वर पुजारासारख्या कसलेल्या फलंदाजाला त्याने एकदा एका धावेवर आणि एकदा शून्यावर परत पाठविले. विदर्भ ७८ धावांनी जिंकला. त्याच महिन्यात संघाने इराणी करंडकही जिंकला आणि त्याचे पारितोषिक पुलवामा येथे हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबीयांना देण्याचे कर्णधार फझलने जाहीर केले. काकाजींनी धावांच्या आकड्यांखाली हेही एका ओळीत लिहून ठेवले.

कर्णेवारची आणखी एक नोंद त्या वह्यांत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव टाकली आणि दोन गडी बाद केले. पुरुषांच्या वीस षटकांच्या सामन्यांत आपल्या वाट्याची चारही षटके एकही धाव न देता टाकणारा तो पहिला गोलंदाज ठरला.

यशानंतर पुन्हा पराभव आला. मार्च २०२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईने वानखेडे क्रीडांगणावर विदर्भाला १६९ धावांनी हरविले. पहिल्या डावात विदर्भाच्या केवळ १०५ धावा झाल्या होत्या आणि अखेरीस ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य समोर होते. तरी कर्णधार वाडकरने शतक काढले. अखेरच्या दिवशी सकाळी त्याने आणि हर्ष दुबेने गडी न गमावता मुंबईला उपाहारापर्यंत झुलवत ठेवले. साठ वर्षे पराभव लिहिलेल्या हाताला हा पराभव लिहिणे जड गेले नाही. काकाजींनी शेवटी शेरा मारला : "शेवटपर्यंत लढले."

आणि मग आला फेब्रुवारी २०२५ चा अंतिम सामना. या सामन्याने चाहत्याच्या निष्ठेची खरी परीक्षा पाहिली. प्रतिपक्षी होता केरळचा संघ, प्रथमच अंतिम फेरीत पोचलेला. त्या संघात आदित्य सरवटे होता! २०१९ साली ज्याने विदर्भाला करंडक मिळवून दिला, तोच आता केरळकडून, नागपूरच्याच मैदानावर, विदर्भाविरुद्ध उभा होता. उलट, कोलकात्याला विदर्भाविरुद्ध १५३ धावा काढणारा करुण नायर आणि इंदूरला विदर्भाविरुद्ध १४५ धावा काढणारा ध्रुव शोरी हे दोघेही आता विदर्भाकडून खेळत होते. वहीच्या जुन्या पानांवर जे शत्रुपक्षात होते, ते घरचे झाले होते. आणि घरचा गडी परक्या गोटात होता. इंदूरच्या विजयाचा शिल्पकार गुरबानीही त्या हंगामात महाराष्ट्राच्या संघाकडून खेळत होता.

विदर्भाचे तीन गडी २४ धावांत बाद झाले, तेव्हा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ धावा काढल्या. विदर्भाचा डाव ३७९ वर संपला. केरळकडून सरवटे चिकाटीने खेळून ७९ धावा काढून गेला. मुलांना ते रुचले नाही. एक जण रागाने म्हणाला, "काकाजी, हा सरवटे तिकडून खेळून राह्यला!"

"खेळू दे," काकाजी म्हणाले. "चांगला खेळते. पोरगा आपलाच होय."

केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला. शतकाला दोनच धावा उणे होत्या. मुलांनी टाळ्या पिटल्या. काकाजी मात्र जीभ चुकचुकवून क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "दोन धावांसाठी गेला बिचारा." केरळचा डाव ३४२ धावांवर आटोपला. दुसऱ्या डावात करुण नायरने १३५ धावा काढल्या. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ गडी बाद करून रणजी स्पर्धेचा नवा उच्चांक केला. पुढच्या हंगामासाठी करुण नायर आपल्या कर्नाटकाकडे परत गेला. काकाजींनी त्याला मनोमन निरोप दिला. राग धरला नाही.

खेळाडू येतात आणि जातात, मग चाहता प्रेम करतो ते कोणावर, असे कोणी विचारील. नायडू नागपूरहून इंदूरला गेले आणि जाफर मुंबईहून नागपूरला आले. मोठ्या खेळाडूचे कौशल्य सर्व देशाचे असते. त्याला एका गावाच्या वेशीत कोंडून ठेवणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. पण ज्या नावाखाली अकरा खेळाडू मैदानात उतरतात, ते नाव तेथेच राहते. त्या नावात विदर्भाचे अकरा जिल्हे आहेत, काळी जमीन आहे, उन्हाळ्याचा ताप आहे आणि वऱ्हाडी बोली आहे. काकाजींची निष्ठा त्या नावावर आहे. म्हणून ते गेलेल्यावर रुसत नाहीत आणि आलेल्याला परका मानीत नाहीत.

आजकाल चाहतेपणाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. आपला संघ जिंकला की दुसऱ्यांना हिणवावे, हरला की आपल्याच खेळाडूंना शिव्याशाप द्यावे, यालाच काही लोक अभिमान समजतात. अशा माणसाचे प्रेम संघावर नसून केवळ विजयावर असते. विजय दुसरीकडे गेला की तोही तिकडे जातो. साठ वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला हरणाऱ्याचे मन कळते. समोरच्याने काढलेल्या सुंदर धावा त्याला दिसतात, आणि आपला खेळाडू चुकला तरी त्याची मेहनत तो विसरत नाही. काकाजींना विदर्भाच्या संघाने दिलेले धन म्हणावयाचे तर हेच.

रणजी सामने पाहण्याची संधी प्रत्येकाला मिळेलच असे नाही. पण प्रत्येक गावात एखादा संघ असतोच. शाळेचा खो-खोचा असेल, गावाचा कबड्डीचा असेल, किंवा पिंपळाखाली रबरी चेंडूने खेळणाऱ्या मुलांचाही असेल. तो संघ तालुक्याच्या सामन्याला निघाला म्हणजे त्याच्याबरोबर जावे, मैदानाच्या कडेला उभे राहावे आणि मनापासून टाळ्या वाजवाव्या. तो जिंकला तर खांद्यावर घ्यायला पुष्कळ जण धावतील. तो हरला तर मात्र गर्दी लवकर पांगते. अशा वेळी घाईने घरची वाट धरू नये. खेळाडू पायांची धूळ झाडून बाहेर येईपर्यंत थांबावे, त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा आणि त्यांच्याबरोबरच चालत गावाकडे परतावे.